काचेतल्या समुद्राचं शेवाळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हरसूलला समुद्र नाही. हे सांगायची खरं तर गरज नाही, पण आमच्या भाच्याला ते कबूल नाही. हरसूल म्हणजे आमचं, नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वरच्या पलीकडचं, भात-नागलीचं आणि बोहाड्याच्या सोंगांचं. छत्रपती संभाजीनगरजवळचं, तुरुंगासाठी प्रसिद्ध असलेलं हरसूल वेगळं. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाणी कोसळतं, डोंगर उतरून दमणगंगेला मिळतं आणि दमणला अरबी समुद्रात जातं. आपल्या वाट्याला उरतात ते एप्रिल-मेमधले रिकामे हंडे. अशा गावात भाच्यानं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडली. तीन फूट लांबीची काच, पिशवीतून विकत आणलेलं समुद्री मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबानं कालवलेलं, आणि आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊन मासे. बाजाराला आलेली पोरं काचेला नाक लावून उभी राहायला लागली.

दोन-तीन महिन्यांत मासे दिसेनासे झाले. मासे होते, काच दिसेनाशी झाली. आधी तिच्यावर तपकिरी साय धरली. मग दगडांना हिरवे केस फुटले. मग वाळूवर लालसर, बुळबुळीत चादर पसरली. भाचा खरवडायचा आणि चार दिवसांत पुन्हा तेच. शेवटी एक दिवस तो कागदाची पुडी घेऊन आला. आत मोरचूद होतं, दिंडोरीकडच्या कुणा द्राक्षबागायतदाराकडून आणलेलं. "मामू, चिमूटभर टाकतो, शेवाळ खलास." मी म्हटलं, बाबा, आठ दिवस थांब. मी काही शास्त्रज्ञ नव्हे, पण माणसानं काचेत समुद्र कोंडायला घेतला तो काही काल-परवा नाही. आपल्याआधी ज्यांनी हे केलं, त्यांच्याही काचा हिरव्या झाल्याच असतील. त्यांनी काय केलं, ते आधी बघू.

त्या आठ दिवसांत जे वाचलं, ते आज सांगतो आहे.

साठवलेल्या पाण्यात मासे सोडण्याची रीत आपल्याकडे जुनीच. मुंबईची जुम्मा मशीद १८०२ साली पुरी झाली. ती उभी आहे एका जुन्या तळ्यावर. त्या तळ्याचाच हौद झाला, त्याच्यावर लोक वजू करतात आणि खाली मासे फिरतात. लहानपणी मी पाहिलेल्या एका हौदातही मासे होते. रमजानच्या आधी चार पोरं पँटी वर सारून आत उतरायची आणि खराट्यानं पायऱ्यांचं शेवाळ घासून काढायची. वर्षातून एकदा घासलं की भागायचं. का भागायचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. हौद मोठा, मासे थोडे, आणि त्यांना रोज डबीतून खाणं घालणारं कुणी नाही, हे उत्तर मला आता कळतं.

काचेची गोष्ट मात्र विलायतेची. जाँ विलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिलीत, मेसिनाला, १८३२ च्या सुमारास सागरी जीव पाहायला काचेची पेटी करून घेतली. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. पुढच्याच वर्षी ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाणी नासू नये म्हणून ते रोज खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. हे ओतण्याचं काम करायची घरातली मोलकरीण. इतिहासात बाईसाहेबांचं नाव राहिलं. पाऊण तास हात दुखेपर्यंत समुद्र वरखाली करणाऱ्या त्या पोरीचं नाव मला कुठे सापडलं नाही. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या, कारण वनस्पती प्राणवायू सोडतात हे एव्हाना माहीत झालं होतं.

शेवाळाशी पहिला नीट सामना झाला तो रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा. हे लंडनचे रसायनतज्ज्ञ. १८४९ साली त्यांनी गोड्या पाण्याच्या टाकीत दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. हिशेब सरळ होता. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते, वनस्पती जो सोडते तो मासा घेतो. पण थोड्याच दिवसांत जुनी पानं कुजली, काचेवर हिरवा थर चढला, पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टन यांनी औषध टाकलं नाही. त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासा आणि वनस्पती अशा दोघांचा संसार त्यांनी मांडला होता, तो तिसऱ्यावाचून चालेना.

मग ते खाऱ्या पाण्याकडे वळले. तिथे तांबड्या, तपकिरी वनस्पती मरायच्या, हिरव्या तगायच्या, आणि उजेड जास्त झाला की सगळीच पेटी हिरवी व्हायची. तेव्हा उजेडावर बंधन आलं आणि खडकांवरचे बारीक शंख कामाला लागले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकांनी असाच एक शंख भिंगातून पाहिला. त्याच्या जिभेवर बारीक दात असतात. तो काचेवरून सरकतो तसा मागे साफ पट्टा उरतो. गॉसना त्यावरून कुरणात गवत कापत पुढे सरकणारा माणूस आठवला. गॉस यांचं पुस्तक १८५४ मध्ये आलं आणि इंग्रजी मध्यमवर्गाला खाऱ्या पाण्याचं वेडच लागलं. आदल्या वर्षी लंडनच्या प्राणिबागेत जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं होतंच. दिवाणखान्यात पियानो आणि त्याच्या शेजारी समुद्र.

या वेडाचा शेवट दोन जागी झाला. एक दिवाणखान्यात. उन्हात ठेवलेल्या पेट्या हिरव्या झाल्या, मेलेल्या जिवांचा वास सुटला, आणि १८६० नंतर कित्येक पेट्यांत माती भरून लोकांनी फुलझाडं लावली. दुसरा शेवट किनाऱ्यावर झाला, आणि तो जास्त वाईट. गॉस यांचं पुस्तक वाचून माणसांच्या झुंडी डेव्हनच्या खडकांवर गेल्या आणि ओहोटीला उघडी पडणारी डबकी त्यांनी उपसून नेली. त्यांचा मुलगा एडमंड गॉस यानं १९०७ साली आठवणी लिहिल्या. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती डबकी कशी ओसाड झाली आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं याचं वडिलांना किती वाईट वाटत राहिलं, हे त्यात आहे. मी तो भाग दोनदा वाचला. एखाद्या गोष्टीच्या प्रेमापोटी लिहावं आणि लिहिण्यानंच ती गोष्ट संपावी, याची धास्ती लिहिणाऱ्यालाच कळेल.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडला तो विल्यम आल्फर्ड लॉईड. हा पेट्या विकणारा दुकानदार. धंदा बसला, दिवाळं निघालं, पण डोकं शाबूत राहिलं. त्यानं विचार केला की समुद्राचा बहुतेक भाग तर अंधारात असतो, आपण मात्र सगळं पाणी उजेडात मांडतो. म्हणून त्यानं दिसणाऱ्या पेट्यांच्या खाली, अंधारात, कित्येक पट मोठा हौद बांधला आणि पंपानं पाणी सतत वरखाली फिरवलं. अंधारात शेवाळाचे सूक्ष्म बीजकण वाढत नाहीत, आणि पाण्याचा साठा मोठा असल्यानं घाण एका जागी साचत नाही. १८६४ मध्ये हॅम्बुर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला ही योजना चालली. आज ज्यांच्याकडे चांगली पेटी आहे त्यांच्या टेबलाखाली कपाटात दुसरी टाकी लपलेली असते, ती या दिवाळखोराची देणगी.

तरी मूळ प्रश्न उरलाच. शेवाळ खातं काय? उत्तर मातीचा अभ्यास करणाऱ्यांकडून आलं. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं की अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया निघतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियानं मासा मरतो, नायट्रेट तो बऱ्यापैकी सोसतो. पण नायट्रेट म्हणजे नत्र, आणि नत्र म्हणजे खत. त्याच्या जोडीला डबीतल्या सुक्या खाण्यातून येतं ते स्फुरद. पुढे १९३४ मध्ये आल्फ्रेड रेडफील्ड यांनी समुद्रातल्या तरंगत्या जिवांत नत्र आणि स्फुरदाचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं, हे मांडलं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. युरियाची गोण फुटली की बांधावर काय माजतं, हे त्याला ठाऊक आहे. प्रवाळाच्या समुद्रात नायट्रेट लिटरला एका मिलिग्रॅमहूनही कमी असतं. तो उपाशी समुद्र आहे, म्हणूनच तो इतका नितळ आहे. आपण पेटीत ओततो ते जेवणावळीचं उष्टं.

हे वाचून मी भाच्याच्या दुकानात तपासाला गेलो. मासे किती वेळा खातात? सकाळी एकदा तो घालतो. दुपारी बहीण घालते, गिऱ्हाइकांची पोरं हट्ट करतात म्हणून संध्याकाळी पुन्हा. दिवा किती वेळ? दुकान उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत, म्हणजे चौदा तास. कारण दिव्यामुळेच लोक थांबतात. उन्हाळ्यात पाणी उडतं, त्याची भर कशाची? बोअरच्या पाण्याची. इथे मला तपकिरी सायीचा उलगडा झाला. पेटीत उडतं ते फक्त पाणी, त्यातले क्षार मागेच राहतात, आणि प्रत्येक भरीबरोबर नवे क्षार येतात. आमचा डोंगर काळ्या पाषाणाचा. त्यातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते, आणि तपकिरी साय म्हणजे डायटम नावाचे सूक्ष्म जीव, जे सिलिकेचीच घरं बांधतात. सह्याद्री थेंबाथेंबानं त्या पेटीत उतरत होता. वाळूवरची लाल चादर तर शेवाळही नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठायला लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे.

मोरचुदाचाही इतिहास आहे. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण सांगितलं. तेच आपल्या नाशिकच्या बागांतलं बोर्डो मिश्रण. १९०४ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी पिण्याच्या पाण्याच्या तलावांतलं शेवाळ मोरचुदानं मारता येतं असं दाखवलं. म्हणजे भाचा अगदीच चुकीचा नव्हता. पण तांबं शेवाळाबरोबर शंख मारतं, कोळंबी मारतं. चुनखडीच्या दगडांत आणि वाळूत ते मुरून बसतं आणि नंतरही थोडं थोडं सुटत राहतं. शिवाय मेलेलं शेवाळ जातं कुठे? ते तिथेच कुजतं आणि खाल्लेलं सगळं खत पाण्याला परत देतं. आठवड्यानं पुन्हा हिरवं, आणि या खेपेला ते खायला शंखही नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात लोकांनी काचेतला समुद्र पाहिला तो मुख्यतः मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं. खर्च आठ लाख रुपये, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांचे. मी ते पाहिलं १९८० च्या आसपास, शाळेच्या सहलीत. मासे पाहून बाहेर आलो तर समोर मरीन ड्राइव्ह आणि पलीकडे खरा समुद्र, आणि मला वाटलं, आतला जास्त चांगला. आता कळतं की त्याची सोय वेगळी होती. समुद्र रस्त्यापलीकडे असला की जुनं पाणी सोडून नवं घेता येतं. हरसूलच्या पेटीला ती मुभा नाही. २०१५ मध्ये ते मत्स्यालय नव्या रूपात उघडलं होतं, २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या टाळेबंदीत त्याची दारं मिटली. भाच्यानं ते पाहिलेलंच नाही.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना वाट दाखवली ती दोघांनी. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहिलं की यंत्रं नकोत; समुद्रातला जिवाणूंनी भरलेला जिवंत खडक पेटीत ठेवा आणि हवेचे बुडबुडे सोडा, बाकी तो खडक बघून घेतो. जगभरचा हा छंद पुढे याच वाटेनं गेला. आपल्याला ती वाट बंद आहे, आणि बंद आहे हे मला बरोबर वाटतं. तो खडक बहुतेक प्रवाळाचाच असतो. २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्रघोडेही तिथेच. डेव्हनची डबकी ज्यानं वाचली आहेत, तो या कायद्यावर कुरकुर करणार नाही. भाच्याला मात्र कुणी तरी "लाइव्ह रॉक" पार्सलनं पाठवायला तयार होतं. ते मी मोरचुदाच्या आधी थांबवलं.

दुसरे वॉल्टर एडी, अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे. प्रवाळभित्तींवर आखूड शेवाळाची हिरवळ किती जोमानं वाढते आणि पाण्यातलं खत किती झपाट्यानं उचलते, हे त्यांनी समुद्रात पाहिलं होतं. त्यांनी लॉईडच्या बरोबर उलट केलं. पेटीच्या बाजूला एक जाळी लावली, तिच्यावर भरपूर उजेड आणि पातळ वाहतं पाणी. शेवाळाला वाढायला पेटीहून चांगली जागा दिली. ते तिथे वाढतं, पाण्यातलं नत्र-स्फुरद अंगात घेतं, आणि ठरल्या दिवशी जाळी खरवडली की तेवढं खत कायमचं बाहेर. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्यांनी यावर जिवंत प्रवाळभित्ती चालवून दाखवली, १९८२ मध्ये पेटंट मिळालं. शेवाळ आवरायला शेवाळच लावणारा हा माणूस वॉरिंग्टन यांचाच वारस, फक्त यानं गोगलगाईऐवजी हातात खरवडणी घेतली.

एक गोष्ट राहिली. पेटीत चांगलं दिसतं म्हणून युरोपातल्या मत्स्यालयांनी कॉलर्पा नावाचं हिरवंगार पिसांसारखं शेवाळ जोपासलं होतं. १९८४ मध्ये त्याचा एक छोटा ठिपका, जेमतेम चौरस मीटरभर, मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसला. कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत भूमध्य समुद्राच्या तळावर त्यानं हजारो हेक्टर व्यापले. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं. तिथे लोकांनी वेळ घालवला नाही. त्यावर ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडलं, पाणबुडे वर्षानुवर्षं तळ तपासत राहिले, आणि २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं. खर्च सत्तर लाख डॉलरच्या घरात. कुणीतरी कधीतरी घरातली एक पेटी ओतून दिली असणार, एवढाच त्याचा उगम मानला जातो. आमच्या गावचं पाणी दमणगंगेतून समुद्रालाच जातं, हे मी भाच्याला तेव्हा पुन्हा सांगितलं. समुद्राचं शेवाळ गोड्या ओढ्यात जगणार नाही हे खरं, पण सवय लागायची ती इथेच लागते.

मोरचुदाची पुडी द्राक्षवाल्याकडे परत गेली. दिवा चौदा तासांवरून आठ तासांवर आला. खाणं दिवसातून एकदा, आणि डबी कुलपात, कारण बहीण ऐकत नव्हती. बोअरचं पाणी बंद. दुकानाशेजारी आरओचं पाणी विकतात, त्यांचे जार लागले. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून नवं कालवलेलं भरायचं. आणि पेटीच्या मागे, पंपाच्या धारेखाली, रोपवाटिकेतल्या शेडनेटचा वीतभर तुकडा, त्याच्यावर एक स्वस्तातला दिवा. पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही, भाचा माझ्याशी नीट बोलत नव्हता. मग जाळीला हिरवं फुटलं. दुसऱ्या महिन्यात ती गच्च झाली आणि दगडांवरचे केस पिवळे पडून गळायला लागले. तपकिरी साय गेली. लाल चादर एका कोपऱ्यात अजून आहे, ती तो नळीनं ओढून काढतो. वीज गेली की जाळी वाळते आणि पुन्हा चार दिवस मागे.

दर शुक्रवारी नमाजहून आल्यावर तो जाळी खरवडतो आणि निघालेला गोळा वजनकाट्यावर ठेवून आकडा वहीत मांडतो. पाण्याच्या बादलीवरून मात्र घरात भांडण झालं. आठवड्याचं खारं पाणी त्यानं एकदा मागच्या खाचराच्या बाजूला ओतलं, तेव्हा बहिणीनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. भाताच्या जमिनीत मीठ घालतो म्हणाली. आता ती बादली दुकानापुढच्या फरशांच्या फटींत रिकामी होते. तिथलं गवत उगवायचं थांबलं आहे.